ऑक्टोबरला बसलेली वहिनी

पाऊस मागे सरला की मुलुंडला जो उकाडा चढतो ना, तो इथे राहिल्याशिवाय कळायचा नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मध्ये आपण शिजत बसायचं. वारा म्हणून नाहीच. कपडे वाळत घालून चहा टाकावा, तर चहा गाळेपर्यंत ते कडकडीत वाळलेले. मला हा महिना कधीच आवडला नाही आणि तरी दरवर्षी तो आला की मी जरा मऊ पडते. काल आमच्या टॉवरखाली गरब्याच्या स्पीकरची चाचणी चालली होती. ‘हॅलो, हॅलो, चेक’ करून त्या पोराने कान किटवले. मी वैतागून खिडकी लावायला उठले आणि तिथेच उभी राहिले.

खालच्या मजल्यावरची रेवा यंदा दहावीला आहे. लिफ्टमध्ये भेटली, तोंड एवढंसं. चाचणी परीक्षेत गणितात दांडी उडाली म्हणे. मी म्हटलं, “अगं, त्यात काय एवढं? आमच्या वेळी मार्चला उडाली की लोक ऑक्टोबरला बसायचे.”

“ऑक्टोबरला?” ती म्हणाली. “पण आजी, तेव्हा तर गरबा असतो ना!”

एवढं बोलून ती आपल्या मजल्यावर उतरून गेली. मी मात्र दिवसभर त्या वाक्याभोवती फिरत राहिले. पोरीने अगदी बरोबर बोट ठेवलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेची खरी अडचण तीच होती.

मार्चच्या परीक्षेला इज्जत होती. ऑक्टोबरला काही नव्हती. ‘ऑक्टोबरवाला’ ही आमच्या गल्लीत शिवीच होती म्हणा ना. मार्चला बसणारं पोर छाती काढून जायचं, त्याला पोचवायला घरचे, शेजारचे, वर एखादा हौशी मामा. ऑक्टोबरला बसणारा भाजी आणायला निघाल्यासारखा पिशवीत पट्टी-पेन्सिल लपवून गुपचूप सटकायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, जरा लायब्ररीत जाऊन येतो. आणि विचारणाराही इतका समंजस की लायब्ररी त्या दिवशी बंद असते हे तो बोलून दाखवायचा नाही.

ही गोष्ट ऐंशीनंतरची, आमच्या जुन्या बिल्डिंगमधली. तिचं नाव दत्तप्रसाद. स्टेशनपासून चालत गेलं तर चप्पल तापायच्या आत पोचावं इतकी जवळ, रुळांच्या कडेला. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी आणि गॅलरीत उघडणारी दारं. बाबा लालबागच्या गिरणीत होते. त्यांनी इथे खोली घेतली तेव्हा लालबागचे नातेवाईक हसले होते. “मुलुंडला? अरे, तिथे रात्री वाघ फिरतात!” वाघ काही आम्हाला दिसला नाही. विहिरी दिसल्या, जांभळाची झाडं दिसली, गुडघाभर गवतातून गेलेले सरळसोट रस्ते दिसले. कुणी तरी फार वर्षांपूर्वी पट्टी लावून हे गाव आखलं होतं आणि मग माणसं यायची वाट बघत बसलं होतं. माणसं आली. गिरणगावातून आमच्यासारखी, कोकणातून थेट, कच्छ-सौराष्ट्रातून, फाळणीनंतर सिंधमधून. आग्रा रोडवर कारखाने उभे राहिले, त्यांचे भोंगे वाजायला लागले. सकाळी स्टेशनकडे जाणारी रांग आणि संध्याकाळी तीच रांग उलटी, एवढं झालं की गाव झालं.

त्या गावाबद्दल मला एक सांगायचंय. तिथे जवळजवळ प्रत्येक माणूस कुठून तरी अर्धवट सुटून आलेला होता. कुणी चौथीतून, कुणी सातवीतून. बाबांचं शिक्षण शेतात संपलं, आईचं तर सुरूच झालं नाही. त्यामुळे असेल, पण दहावीची परीक्षा ही त्या एका पोराची नसायचीच. ती सगळ्यांची असायची. बिल्डिंगमधलं एखादं पोर दहावीला बसलं की सगळे मजले दहावीला बसायचे.

त्याचा एक नेमच होता. त्याला आम्ही ‘परीक्षेचं सोवळं’ म्हणायचो. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या पेपरपर्यंत बिल्डिंगचा आवाज खाली यायचा. खरंच खाली यायचा, रेडिओचं बटण फिरवावं तसा. कुणी मसाला कुटायचं नाही. पाटा-वरवंटा सकाळी पोरं शाळेत गेली की, तोही खाली गोणपाट घालून. ज्यांच्याकडे टीव्ही होता ते त्यावर भरतकामाचं कापड टाकून ठेवायचे, सुतक असल्यासारखं. गॅलरीत भांडण करायचं तर ते डोळ्यांनी. भाजीवाला कंपाउंडात शिरला की ‘मेथीऽऽ’ची आरोळी गिळून दारोदार जाऊन हळूच सांगायचा, “ताई, मेथी आलीय.” आमच्या बायका म्हणायच्या, एवढ्या गोड आवाजात नवरासुद्धा कधी बोलला नाही. आणि पेपरच्या सकाळी पोर जिना उतरायला लागलं की प्रत्येक दारात कुणी तरी दही-साखरेचा चमचा घेऊन उभं. वरच्या मजल्यावरच्या पोराला खाली पोचेपर्यंत इतकं दही मिळायचं की ते पेपरात पेंगायचं. तरी कुणी नेम मोडला नाही.

आता वहिनीचं सांगते. सुमनवहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. देवगडकडची. नववी झाली आणि घरच्यांनी शाळेतून काढलं, कारण धाकटी भावंडं सांभाळायला कुणी तरी हवं होतं. मग लग्न, मग आमच्या घरी, मग पिंकी. दिसायला शांत, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. पिंकीला आमच्या कंपाउंडातल्या बालवाडीत घातलं तेव्हा वहिनी तिला सोडायला गेली आणि पोरगी रडते म्हणून तिथेच थांबली. पोरगी आठवड्यात रडायची थांबली, वहिनी काही घरी येईना. गाणी म्हणायची, नाकं पुसायची, कागदाची होडी करून बादलीत सोडायची. बालवाडी चालवणाऱ्या कुलकर्णी बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांचा मुलगा त्यांना नाशिकला बोलावत होता. त्यांनी एक दिवस वहिनीला समोर बसवून सांगितलं, “सुमन, माझ्यामागे हे तूच सांभाळायचंस. पण महिला मंडळाचा नियम आहे बघ, बाई किमान दहावी पास हवी. तू मार्चला बस. जून उजाडला की किल्ली तुझ्या हातात.”

वहिनीने घरी येऊन सांगितलं तेव्हा आई मासे साफ करत होती. माझी आई म्हणजे मालवणी तोंड आणि हातात सुरी, दोन्ही सारखीच धारदार.

“आता ह्या वयात?” आई म्हणाली. “घरात काय कमी हा तुका?”

“कमी काही नाही, आई,” वहिनी म्हणाली. “मला पाहिजे, म्हणून.”

असं ‘मला पाहिजे’ आमच्या घरात त्याआधी कुणी बाई म्हटल्याचं मला आठवत नाही.  आईने पुढचा बांगडा उचलला. दादा मान खाली घालून हसत होता, तो खूश होता हे मला दिसत होतं.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मराठी, इतिहास, भूगोल मी वहिनीकडून करून घेतलं. त्यात तिला काहीच अडलं नाही. एकदा वाचलं की तिच्या डोक्यात बसायचं, वर मलाच चुका दाखवायची. घोडं अडलं ते गणितात. माझं स्वतःचं गणित देवाच्या कृपेने दहावीबरोबर कायमचं सुटलेलं, तेव्हा ते दादाकडे गेलं. दादा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर. हिशेबाला पक्का, पण शिकवायला बसला की घटस्फोटाची वेळ यायची.

“एका नळाने हौद चार तासांत भरतो,” दादा वाचायचा.

“चार तास पाणी?” वहिनी पेन्सिल खाली ठेवायची. “कुठल्या वॉर्डात?”

“अगं, गणितात गं!”

“गणितात झालं म्हणून काय झालं? आपल्याकडे अर्धा तास येतं. त्यात पहिल्या मजल्यावरचे मोटर लावतात. हौद भरेलच कसा?”

मग दादा गाड्यांचं उदाहरण घ्यायचा. एक गाडी इकडून, एक गाडी तिकडून, कुठे भेटतील? वहिनी खिडकीबाहेर रुळांकडे बघायची आणि म्हणायची, “सिग्नल किती लागले ते दिलंय का?” मी पोट धरून हसायचे, दादा कपाळावर हात मारायचा. पण ती गंमत करत नव्हती, हे आम्हाला तेव्हा समजलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मुरलेल्या बुद्धीला बेभरवशाचं पाणी आणि रखडणारी गाडी सोडून दुसरं जग खरंच वाटत नव्हतं. गणितात सगळं कसं वेळेवर, न गळता, न थांबता चालतं. तिला ते खोटं वाटायचं, आणि खोट्याचं उत्तर काढायला तिचा हात वळायचा नाही.

मार्च आला. त्या वर्षी बिल्डिंगमधली आणखी चार पोरं दहावीला होती, त्यामुळे सोवळं होतंच. वहिनीला त्यातला वाटा आपोआप मिळाला. दहीसुद्धा मिळालं. लाजत लाजत ती जिना उतरली, पोरांच्या मागून, पदर सावरत. गणिताच्या पेपराला तिने म्हणे हौदाच्या गणितातच अर्धा वेळ घालवला.

निकाल लागला. चारही पोरं पास. वहिनी सगळ्यात पास आणि गणितात नापास.

त्या दिवशी घरात काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही. काहीच झालं नाही. तिने चपात्या केल्या, पिंकीची वेणी घातली, संध्याकाळी दिवा लावला. फक्त गॅलरीत येईना. लालबागची एक आत्या नेमकी तेव्हाच आली होती. ती चहा पिता पिता म्हणाली, “घोडीच्या वयाची झाली, आता कसली परीक्षा? बरं झालं, हौस फिटली.”

आणि माझी आई, जी वर्षभर ‘आता ह्या वयात’ करत होती ना, तीच आई फणकारली. “गप रव गो. तुका पास होऊक कोणी सांगलेला काय? तू बसलंस कधी पेपराक?” आत्याचा कप तसाच राहिला. वहिनी आत मोरीत होती, तिने ऐकलं. नंतर तिने मला एकटीला गाठलं. म्हणाली, “मीना, मी ऑक्टोबरला बसतेय. पण घराबाहेर कुणाला सांगू नकोस गं. प्लीज. नापास झाले तर परत तोंड दाखवायची सोय नाही.”

कुलकर्णी बाईंनी मुलाला कळवलं, दिवाळीनंतर येते. मंडळाला सांगितलं, तोवर मी बघते. पण मंडळातल्याच एकीची भाची मॅट्रिक होऊन घरी बसली होती, तिच्यासाठी शब्द टाकून झालाच होता. बाईंनी वहिनीला हे लपवलं नाही. “दिवाळीपर्यंत मी धरून ठेवते, सुमन,” त्या म्हणाल्या. “त्यापुढे माझ्या हातात नाही.” म्हणजे ही एकच संधी होती. ऑक्टोबर गेला की बालवाडी गेली.

आता ऑक्टोबरची अडचण. बिल्डिंगमध्ये त्या महिन्यात परीक्षेचं एकही पोर नाही. सोवळं होळीनंतर असतं, दसऱ्याच्या आधी नाही. त्या दिवसांत उलट आमची गल्ली वर्षभराचा आवाज काढून घ्यायची. समोर अंबिका निवास, सगळी गुजराती बिल्डिंग. त्यांच्या आणि आमच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत. त्यांच्या अंगणात नवरात्रात मोठी गरबी, म्हणजे देवीचा घट आणि त्याभोवतीचा गरबा, मांडायचे. दोन भोंगे असायचे, त्यातला एक बरोब्बर आमच्या खिडकीकडे तोंड केलेला. आम्हालाही आवडायचं ते. मी स्वतः वर्षभर त्या नऊ दिवसांची वाट बघायचे. आणि वहिनीचा पेपर होता अष्टमीला.

अंबिका निवासातली गरबी कांताबेनच्या हातात असायची. जाडजूड, गोरीपान बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचं आणि आईचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण ती भिंत. आई त्या भिंतीवर सुकट आणि बोंबील वाळत घालायची. कांताबेन म्हणायच्या, आमच्या देवघरात वास येतो. आई म्हणायची, भिंत आमची पण आहे. दोघींचंही खरं होतं. शेवटी दोघी एकमेकींकडे न बघता कपडे वाळत घालायला शिकल्या होत्या, आणि मधल्या भिंतीवर बोंबील ऐटीत लोंबत असायचे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अंबिका निवासात भोंगे आले. वहिनी खिडकीतून बघत होती. तिने पुस्तक मिटलं आणि तांदूळ निवडायला घेतले. आईने तिच्याकडे बघितलं. मग आई उठली, पदर खोचला आणि जिना उतरली. मी केस वाळवत गॅलरीत उभी होते, त्यामुळे सगळं बघितलं. आई थेट भिंतीपाशी गेली.

“कांताबेन.”

कांताबेन तोरण बांधत होत्या. त्या वळल्या. गल्लीतल्या बायका जिथे होत्या तिथे थांबल्या.

“माझ्या सुनेचो गणिताचो पेपर आसा,” आई म्हणाली. “ऑक्टोबरचो.” ज्या शब्दाची वहिनीला एवढी लाज वाटत होती, तो आईने भर गल्लीत खणखणीत उच्चारला. “भोंगो बंद ठेवशात काय? मी ह्या भितीवर सुकट घालूची बंद करतंय.”

माझ्या आईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आणि सुकट म्हणजे तिचं गाव होतं, ते ती सोडायला निघाली होती. माझा हात केसांतच राहिला.

कांताबेन तोरण तिथेच टाकून भिंतीपाशी आल्या. “सुकट घाला ने, सुलुबेन,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत वासाची तर सवय झाली. वहूचा पेपर आहे, तर भोंगा कशाला लावायचा? अंबामा काय बहिरी आहे?”

त्यांच्या मंडळातले पुरुष कुरकुरले. भोंगे आणलेत, वायर लावलीय, बाहेरची पोरं येणार, भोंग्याशिवाय गरबा कसला? कांताबेनने सगळ्यांना एका वाक्यात बसवलं. म्हणाल्या, आपल्या आज्या गावात भोंगे लावून नाचत होत्या काय? भोंगे जसे आले तसे जिन्याखाली गेले. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी न सांगता सोवळं सुरू झालं. ऑक्टोबरात! एका बाईसाठी, आणि तीही नापास झालेली सून. पाट्याखाली गोणपाट गेलं, टीव्हीवर भरतकामाचं कापड पडलं. दादा शिफ्टवरून आला आणि जिन्यातच थबकला. म्हणाला, “कोण गेलं?”

पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला गरबा सुरू झाला. ढोल नाही, भोंगा नाही. नुसत्या टाळ्या आणि बायकांचे आवाज, तेही दाबून. मधोमध दिवा ठेवलेला छिद्राछिद्रांचा घट आणि भोवती साड्यांचे घेर. इतक्या टाळ्या एकदम एका ठेक्यात पडतात तेव्हा अंगावर काय येतं, ते मला सांगता येत नाही. मी पुढे पुष्कळ गरबे बघितले, मैदानावरचे, दिवे-बिवे लावलेले. त्या बिनभोंग्याच्या संध्याकाळींची सर कशालाच नाही.

आणि वहिनी? वहिनी पुस्तकावर डोकं टेकून रडत होती.

“काय झालं गं?” मी घाबरले.

“माझ्यामुळे अख्खी गल्ली गप केलीत तुम्ही,” ती म्हणाली. “पोरीबाळी वर्षभर वाट बघतात. आता मी नापास झाले तर? एकेकीच्या तोंडाकडे कसं बघू? आई, का सांगितलंत हो तुम्ही?”

खरं होतं तिचं. आम्ही प्रेमाच्या भरात तिच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलं, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मार्चात ती शांतता पाचजणांत वाटली गेली होती. आता सगळी तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती, आणि तिला त्या शांततेत गणित सुचेना.

आई तिच्या शेजारी फतकल घालून बसली. “नापास झालंस तर झालंस,” ती म्हणाली. “लोकांची शांतता काय फुकट जातली? माझ्या नातीक झोप तरी लागतली.”

वहिनीला रडता रडता हसू फुटलं. तेवढ्यात दारात कांताबेन. घामाघूम, नाकावर पदर. आमच्या चुलीवर नेमकी कालवणाची कढई होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती बाई आमच्या उंबऱ्यात उभी होती, आणि नाकावरचा पदर तिने मुद्दाम खाली घेतला.

“वहू, खाली चाला,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिट गरबा, मग गणित. नुसता बसून बसून डोका गरम होते.”

“अहो, पण तुम्ही माझ्यासाठी...”

“तुमच्यासाठी नाय रे बाबा. आम्हाला पण मजा येते. भोंग्यात तर स्वतःचा आवाजच ऐकू येत नव्हता, आज मला कळला, शारदाबेन किती बेसूर गाते!”

वहिनी गेली. नऊवारीतल्या आईसकट गेली. एक फेर धरून वर आली, तोंड धुतलं आणि पुस्तक उघडलं. मग तो नेमच झाला. रोज संध्याकाळी एक फेर, मग हौद, मग गाड्या. दादाने शिकवण्याची तऱ्हा बदलली होती. “हे बघ सुमन,” तो म्हणायचा, “हे मुलुंड नाही. हे दुसरं गाव आहे. तिथे नळाला पाणी असतं आणि गाड्या वेळेवर धावतात. तू पाहुणी म्हणून गेलीयस, यजमानाच्या घरात खोड्या काढायच्या नाहीत.” हे तिला पटलं. खालून टाळ्या यायच्या आणि वहिनी त्या ठेक्यावर पेन्सिल आपटत समीकरणं सोडवायची. बेरीज चुकली की ठेकाही चुकायचा, आणि आई माजघरातून ओरडायची नाही, फक्त खाकरायची.

मी पुष्कळ वर्षं पुष्कळ माणसांत काढली. सोसायटीच्या मीटिंगा बघितल्या, पार्किंगवरून कोर्टात गेलेले शेजारी बघितले. आम्ही काही संत नव्हतो तिथे. पाण्यावरून भांडायचो, जिन्यातल्या चपलांवरून भांडायचो, पाठीमागे एकमेकांबद्दल वाट्टेल ते बोलायचो. पण कुणाचं तरी पाऊल पुढे पडतंय असं दिसलं की सगळे आपापला आवाज खाली घ्यायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला त्या माणसांचा अभिमान वाटतो. 

अष्टमीला पेपर झाला. सकाळी दह्याचे चमचे होते, आमच्या दारांत होते आणि भिंतीपलीकडून हात लांब करून कांताबेननेही एक भरवला. शाळा रुळांच्या पलीकडे, पूर्वेला. वहिनीबरोबर दादा रजा टाकून गेला होता, पिशवीत काही लपवलं नव्हतं. परत आली तेव्हा विचारायची कुणाची छाती होईना. तीच म्हणाली, “हौद आला होता. भरला.” त्या संध्याकाळी जिन्याखालचे भोंगे बाहेर निघाले आणि उरलेली कसर गल्लीने अशी भरून काढली की पिंकी कानात कापूस घालून झोपली.

निकालाला मात्र दिवाळी उलटली. फराळाचे डबे रिकामे झाले, आकाशकंदील उतरले. मंडळाच्या बायका भाचीचं नाव घ्यायला लागल्या होत्या. कुलकर्णी बाईंची ट्रंक बांधून तयार होती, पण निकाल लागेपर्यंत बालवाडीची किल्ली त्यांनी कमरेची सोडली नव्हती. निकालाच्या दिवशी वहिनी म्हणाली, मी एकटीच जाणार, कुणी यायचं नाही. पिवळी साडी नेसली, छत्री घेतली आणि भर दुपारच्या उन्हात गेली. आई जेवली नाही. गॅलरीतल्या कठड्याला टेकून उभी राहिली. सगळ्या गॅलरीत बायका होत्या आणि सगळ्या दुसरंच काही तरी करत होत्या. कुणी शेंगा सोलत होती, कुणी वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत होती. भिंतीपलीकडे कांताबेन झाडलेलं अंगण झाडत होत्या.

वहिनी गल्लीच्या तोंडाशी दिसली. छत्री इतकी पुढे झुकवलेली की चेहरा दिसेना. सावकाश आली. कुणाकडे वर बघितलं नाही. जिना चढताना तिच्या चपलांचा आवाज आम्ही ऐकत होतो, आणि मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. ती दारात आली, छत्री मिटली, आणि आईजवळ जाऊन अगदी हळू म्हणाली, “झाले, आई.”

“काय झालंस?”

“पास.”

आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचा स्वतःचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं ही आता खाली बसेल. ती बसली नाही. वळली, कठड्याशी गेली आणि छाती भरून ओरडली, “माझी सून पास झालीऽऽऽ!”

कावळे उडाले. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातली थाळी पडली. कांताबेनने झाडू फेकून दिला. वहिनी धावत आईच्या मागे गेली, लाजेने लाल झालेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तिचा हात ओढत म्हणाली, “आई, हळू! लोक काय म्हणतील?”

“म्हणांदेत!” आई म्हणाली. “मार्चापासून गप रवलंय मी. आता ओरडतलंय.”

आणि ती पुन्हा ओरडली.